नऊ नंबरचा वानोळा

५ डिसेंबर

वलगावची पेरणी उरकली. निवृत्तीला तीन महिने सव्वीस दिवस उरले असताना माणसानं काहीतरी नवीन सुरू करावं म्हणतात, म्हणून ही डायरी. खताच्या दुकानदारानं फुकट दिली. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलेला आहे, त्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं आहे.

पुढेमागे नातवंडांच्या हाती लागली तर ओळख असावी. मी देवीदास, अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात भाजीपाला पैदासकार. लग्न जुळताना हा शब्द ऐकून सासरेबुवांना वाटलं होतं, जावई म्हशींच्या खात्यात आहे. दुधाची सोय झाली म्हणून त्यांनी होकार दिला. मिळाली फरसबी.

वलगावला शफीभाई या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरात अकरा वर्षं माझं काम चालू आहे. यंदा सोळा वाण, प्रत्येकाचे तीन वाफे. मुद्दाम उशिरा पेरले, फेब्रुवारीच्या उन्हात कोण टिकतं ते बघायला. हीच चाचणी यंदा पहिल्यांदाच अकोल्याच्या केंद्रावरही लावली आहे. दोन्हीकडच्या वजनाची सरासरी काढायची. २० मार्चच्या बैठकीत जो वाण पहिला ठरेल तो पुढे जाणार, बाकीचे पंधरा पाकिटात.

चौदा नंबर माझा. दरवर्षी वलगावला सगळ्यात जास्त वजन भरलेल्या ओळीचं बी ठेवत ठेवत इथवर आणला. निघताना नावावर एक वाण असावा एवढीच इच्छा आहे, मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला, माझ्या नावानं वलगावात निदान भाजी तरी राहील. नऊ नंबर वर्षालीचा, तीन वर्षं वलगावात लावतो आहोत. वर्षाली माझी सहायक, एकतीस वर्षांची, कंत्राटी. नऊ पुढे गेला तर तिची जागा आणखी दोन वर्षं राहते. नाही गेला तर ३१ मार्चला आम्ही दोघंही घरी, मी पेन्शन घेऊन आणि ती शुभेच्छा घेऊन.

कोणता वाफा कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. वाफ्याला फक्त नंबराची खुंटी. तोडणाऱ्या बायकांना कशातलं काय ते कळता कामा नये, म्हणजे पक्षपाताला जागाच राहत नाही. या शिस्तीला अकरा वर्षांत मी धक्का लागू दिलेला नाही.

२१ जानेवारी

फूल धरलं. चौदाचं पांढरं, नऊचं जांभळट. वर्षाली नऊच्या वाफ्यापाशी उकिडवी बसून फुलं मोजत होती. मी म्हटलं, "फुलांना भुलू नकोस, वर्षाली. वजन महत्त्वाचं." ती "हो सर" म्हणाली. या मुलीचं "हो सर" दोन प्रकारचं असतं. दुसरा प्रकार अजून मला नीट उमगलेला नाही.

आता इथे लिहायला हरकत नाही: मला फरसबी आवडत नाही. पहिल्या एकदोन वर्षांत खाल्ली असेल, तेव्हापासून ॲसिडिटीचं कारण सांगतो. हे रागिणीला, म्हणजे बायकोला, माहीत आहे. केंद्राला माहीत नाही.

३१ जानेवारी

पहिली तोडणी. पहाटे सहाला अकोल्याहून निघालो, वर्षाली आणि मी. मैनाबाईची टोळी आधीच वावरात उतरलेली. बारा बायका, आणि मैनाबाई त्यांची म्होरकी, सत्तरीला आलेली, माझ्या पहिल्या वर्षापासून हीच. तिला कमी ऐकू येतं असं ती सांगते. मजुरीचं मात्र ऐकू येतं.

दुपारी लिंबाखाली काटा लावला. चौदा: तीन वाफे मिळून बारा किलो, सगळ्यांत पहिला. नऊ: साडेसहा, शेवटून दुसरा. वर्षालीचं तोंड उतरलं. तिनं काल नऊच्या शेंगा झाडावर मोजल्या होत्या. म्हणाली, "सर, मोजल्यावर इतक्या जास्त आणि वजन इतकं कमी कसं?"

"शेंगा पोकळ असतील," मी म्हटलं.

"फरसबी पोकळ असते, सर?"

मी तिला संशोधनातल्या संयमाबद्दल चार गोष्टी सांगितल्या. चांगल्या सांगितल्या असाव्यात, कारण तिनं पुढे काही विचारलं नाही.

एक गंमत. या बायका सकाळी वावरात येतात तेव्हा अंगानं वाळलेल्या दिसतात, दुपारी घरी जाताना चांगल्या भरलेल्या. वलगावचं पाणी चांगलं आहे.

घरी चौदाच्या शेंगांची पिशवी दिली. रागिणी म्हणाली, "ठेवा तिकडं." हंगामात ती रोज दुपारी गॅलरीत सूप घेऊन तासन्‌तास शेंगांपाशी बसते. जठारपेठेतल्या आमच्या गॅलरीतून रस्ता छान दिसतो, तिला करमत असावं.

१ फेब्रुवारी

अकोल्याच्या केंद्रावर तोडणी. इथे सगळं कडक. बाहेर जाताना फाटकावर चौकीदार मजुरांच्या पिशव्या तपासतो, एक वांगं बाहेर जाऊ देत नाही.

नऊ: पंधरा किलो, सोळांत पहिला. चौदा: अकरा, सातवा.

हे काय नवीन?

४ फेब्रुवारी

वलगाव, दुसरी तोडणी. नऊ सहा किलो, चौदा बारा. तीन दिवस डोक्यात जे घोळत होतं ते येताना गाडीत सुचलं. अकोल्याची जमीन खारपाणपट्ट्याकडे झुकणारी. म्हणजे नऊ हा खारट मातीचा वाण आणि चौदा हा गोड मातीचा. फरसबीला मीठ अजिबात सोसत नाही हे पुस्तकात आहे, पण पुस्तकं बदलतात. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत वर्षालीला हा सिद्धांत समजावून सांगितला. लेख होईल असा विषय आहे. ती दोनदा "सर, मला एक सांगायचं होतं" म्हणाली, पण माझा मुद्दा राहिला असता.

मैनाबाईनं आज विचारलं, "साहेब, या नऊ नंबराचं बी कवा देता?"

मी म्हटलं, "मैनाबाई, नऊ वजनात मार खाऊन राहिला. बी न्यायचं तर चौदाचं न्या."

"चौदाचं?" ती म्हणाली आणि इतर बायकांकडे बघून हसली. "राहू द्या जी. तुमचं तुमाले लागीन."

वर्षालीची दया आली असेल तिला. बाईमाणूस बाईमाणसाची बाजू घेणारच. पण खुंटीवरचा नंबर तिला वाचता येतो, हे आज कळलं.

७ फेब्रुवारी

तिसरी तोडणी. नऊ पुन्हा सहा. नीलगायी, म्हणजे इथले रोही, रात्री येऊन शेंगा खातात की काय म्हणून नऊच्या वाफ्यांभोवती जुन्या साड्या बांधल्या. रोही फक्त नऊच का खातील, असं वर्षालीनं विचारलं. मी म्हटलं, जनावराला चव असते. उत्तर बरं सुचलं, म्हणून इथे नोंद ठेवतो.

११ फेब्रुवारी

साड्यांचा उपयोग नाही. नऊ साडेपाच. बायका म्हणाल्या साड्या चांगल्या होत्या, त्या घेऊन गेल्या.

१४ फेब्रुवारी

घाईनं लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर माफी.

शुक्रवार. तोडणी झाली, शफीभाई नमाजहून आले आणि म्हणाले, "साहेब, आज जेवल्याबिगर जायचं नाही. अकरा वर्ष झाले, तुमी नुसता चहा पिऊन पळता." वर्षाली आणि मी गेलो. ओसरीवर त्यांची बायको रजियाबी ताट पुढे घेऊन शेंगा मोडत होती. मोडल्यावर कट्‌ आवाज. गोल, सरळ शेंग, आणि टोकाला जांभळा ठिपका.

तो ठिपका अख्ख्या वऱ्हाडात एकाच वाणाला आहे. तो वाण वर्षालीनं केला आहे आणि त्याचं बी कुलपात आहे.

"भाभी, ह्या शेंगा कुठल्या?"

"तुमच्याच वावरातल्या, भाईजान. मैनाबाईनं वानोळा देला."

"किती देते?"

"दर तोडणीले देते. तिच्याजवळ असतात नं भरपूर. सगळ्याच बायकायजवळ असतात."

मी वर्षालीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

मैनाबाईला बोलावणं पाठवलं. ती पदर सावरत आली. मी विचारलं तेव्हा तिनं काहीच लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. तोडायला लागलं की पहिली मूठ ओटीत, मग पोत्यात. घरच्यासाठी, सुनेच्या माहेरासाठी, शेजारणीसाठी, हाच वानोळा. भाजीच्या वावरात असंच असतं. तिच्या सासूनंही असंच केलं. वावराचा मालक त्याकडे बघत नाही, बघितलं तर तो मालक कसला.

"पण नऊच्याच काहून?" मी विचारलं.

"चवीले चांगल्या हायेत जी. लवकर शिजते. धागा नाई."

"आणि चौदा?"

ती जरा घुटमळली. वयानं मोठी आहे, तिनं मला बऱ्याच वर्षांपासून सांभाळून घेतलं आहे. "साहेब, खोटं काहून सांगू. चौदाले आमी तोडाच्या म्हणून तोडतो. ऊन तापलं का त्याच्यात सुतळीवानी धागे येतात. दात कोरत बसा लागते. आमी त्याच्यातली एक शेंग घरी नेत नाई."

"आधीपासून?"

"आधीपासून जी. दरवर्षी एक अशी ओळ असतेच तुमची. कोणीच नेत नाई तिले. तुमी बरोबर तिचंच बी ठेवता." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "तुमाले काही वेगळं दिसत असन त्याच्यात."

मला शेंगेत काही दिसत नव्हतं, मी काटा बघत होतो. चांगल्या ओळींतल्या शेंगा ओटीत जायच्या, म्हणून त्यांचं वजन कमी. जी कोणालाच नको ती अख्खी पोत्यात यायची, म्हणून ती पहिली. मी तिचं बी ठेवायचो आणि पुढच्या वर्षी तिच्या पोरांतून पुन्हा सगळ्यात नकोशी निवडायचो. मनात आणूनही एवढा चिवट धागा तयार करणं अवघड आहे. मी अकरा वर्षं शास्त्रशुद्ध पद्धतीनं तो केला.

माझी शेंग तपासायची वेळ सकाळची, थंडीची, पहिल्या तोडणीची. तेव्हा धागा नसतो. आणि मी ती कधी खाल्ली नाही.

रजियाबीनं बीन-आलूची भाजी वाढली. नको म्हणायचं त्राण नव्हतं, खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. मला फरसबी आवडते, असं दिसतं. मला माझी आवडत नव्हती.

परत येताना वर्षाली म्हणाली, "मी पहिल्या तोडणीलाच बायका घरी जाताना पाहिलं होतं, सर. सांगणार होते. पण तुमचं खारपाणपट्ट्याचं चाललं होतं. आणि वाण माझा. मीच सांगितलं तर तुम्हाला वाटलं असतं, स्वतःसाठी सांगते आहे."

मला तसंच वाटलं असतं.

१८ फेब्रुवारी

शेवटची तोडणी. बायकांना म्हटलं, वानोळा खुशाल न्या, फक्त आधी काट्यावर ठेवा. आधी लाजल्या, मग कोणाची ओटी जड याची शर्यतच लागली. नऊ पोत्यात पाच किलो, ओटीत साडेसात. वर्षालीनं आकडे लिहिले. चौदाच्या ओटीच्या रकान्यात तिनं शून्य लिहिलं नाही, रकाना रिकामा सोडला. मी तिच्या हातातला पेन घेऊन शून्य लिहिलं.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर डायरी उघडली नाही. लिहिलं असतं तर ठरवावं लागलं असतं.

हिशेब असा आहे. पाच तोडण्यांचे आकडे आहेत तसे पाठवले, तर चौदा सरासरीत पहिला. वाण माझ्या नावानं पुढे जाईल. कोणीही खोटं बोललेलं नाही, काटा बरोबर होता, सह्या बरोबर आहेत. वानोळ्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. वर्षाली बोलणार नाही, ते मी तिच्या "हो सर"वरून ओळखतो. दोन्ही प्रकार आता मला कळतात.

आणि खरं लिहिलं, तर वलगावचे पाच तोडण्यांचे आकडे बाद. एकट्या अकोल्यावर चौदा सातवा. यंदाचाच नव्हे, अकरा वर्षांचा निकाल बाद. शाल-श्रीफळ घेताना लोक म्हणतील, हेच ते.

आज संध्याकाळी तक्ता टंकून घेतला. आहे तसाच. मला राग कोणाचा येतो आहे तेच कळेना, म्हणून मैनाबाईवर धरून पाहिला. टिकला नाही.

२७ फेब्रुवारी

जेवताना रागिणीला सांगितलं. सगळं. ती हसेल वाटलं होतं. ती उठली आणि फ्रीजमधून एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आत धागे. हिरवे, वेटोळे झालेले, डबाभर.

"हे आज केंद्रावरून आणलेल्या पिशवीतले," ती म्हणाली. "कचऱ्याची गाडी गेली होती म्हणून ठेवले."

"तू धागे काढते?"

"मंग काय तसेच खाऊ? पोरांनी असं खाल्लं असतं? शेजारी तुमचं नाव सांगून वाटत होती मी शेंगा, त्यांना बिनधाग्याच्या नको द्यायला?"

"गॅलरीत बसून हेच करत होतीस?"

"नाही तर काय, रस्ता बघत होते?"

"सांगितलं काहून नाही?"

"विचारलं का कधी? पिशवी ठेवायचे आणि वजन सांगायचे. बारा किलो, चौदा किलो. एवढे खूश दिसायचे." ती डबा बंद करत म्हणाली, "मी म्हटलं, असू दे. धागे काय, काढता येतात."

जेवण पुढे गेलं नाही. मला रडू आलं हे इथे लिहून ठेवतो, सुविचारांच्या वर.

टंकलेला तक्ता फाडला.

२० मार्च

बैठक. माझी पाळी आली तेव्हा उभा राहून वाचलं: वलगावचे पहिल्या पाच तोडण्यांचे आकडे ग्राह्य धरू नयेत. कारण, वजनाआधी शेंगा ओटीतून जात होत्या, आणि त्या चव बघून निवडलेल्या होत्या. चौदा नंबर मी मागे घेतो. नऊ नंबराचे अकोल्याचे आकडे आणि सहाव्या तोडणीचं ओटीसकटचं वजन सोबत जोडलं आहे.

मागून कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे देवीदासराव, अकरा वर्षं तुमचं वजन चुकलं?"

"वजन बरोबर होतं, साहेब. उरलेल्याचं होतं."

मग सगळेच हसले, मीही हसलो, कारण वाक्य बरं जमलं होतं आणि आणखी काही करण्यासारखं नव्हतं. नऊला पुढच्या चाचणीसाठी मंजुरी मिळाली. चाचणी अहवालात निवडकर्त्याचं नाव विचारलं. मी मैनाबाईचं लिहा म्हटलं, तर हुद्दा विचारला. शेवटी वर्षालीचं एकटीचं लिहिलं, ते योग्यच झालं. एक नवीन रकानाही मंजूर झाला, वानोळ्याचा, किलोमध्ये.

बाहेर वर्षाली व्हरांड्यात उभी होती. "जागा राहिली, सर," म्हणाली. चष्मा काढून ओढणीनं पुसत राहिली.

३१ मार्च

निरोप झाला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माझ्या कार्याबद्दल बोलताना तिघांनी फरसबीऐवजी टोमॅटो म्हटलं, त्यांना दुरुस्त केलं नाही.

दुपारी शफीभाई येऊन गेले. मैनाबाईनं पिशवी पाठवली होती. अर्ध्या पिशवीत नऊच्या वाळक्या शेंगांचं बी, फडक्यात राख लावून बांधलेलं. निरोप असा की साहेबाले सांगा, हे मी दोन वर्ष झाले ठेवून राहिली, कुलपातलं नको मले. म्हणजे तिच्या "बी कवा देता"ला मी उत्तर देत बसलो होतो, तेव्हा ती बहुतेक अंदाज घेत होती, बी तिच्याकडे आहे हे मला कळलं की काय याचा.

संध्याकाळी केंद्रावरच्या वाफ्यात उरलेल्या झाडांच्या, याच आठवड्यात तोडलेल्या पाव किलो चौदाच्या शेंगा फ्रीजमध्ये राहिल्या होत्या, त्या घेऊन गॅलरीत बसलो. रागिणीनं पाहिलं. थोड्या वेळानं शेजारी येऊन बसली.

"टोकाकडून ओढा," म्हणाली. "देठाकडून ओढला तर मधीच तुटतो."

टोकाकडून ओढला. अखंड आला. पाव किलोला पाऊण तास लागला. रस्त्याकडे एकदाही लक्ष गेलं नाही, जाऊच शकत नाही. हंगामाला वीस-पंचवीस किलो धरले तर वर्षाला सत्तरेक तास होतात. पुढचा गुणाकार केला आणि तिला सांगितला नाही.

भाजी झाली, दोघांनी खाल्ली. वाईट नव्हती. मग क्षेत्र-नोंदवही काढली, चौदाचं पान उघडलं आणि शेरा पूर्ण केला:

वाण क्रमांक चौदा. धागा लांब, चिवट, टोकाकडून ओढल्यास देठापर्यंत अखंड निघतो. पुढील निवडीस अयोग्य. निरीक्षक: रागिणी. निरीक्षणाची वर्षं: अकरा.

तिला सही करायला लावली. चष्मा लावून तिनं आधी सगळं वाचलं, मग केली.